ब्रूज्ड की ब्लेमिश्ड?

मंडईत ‘डागी माल’ म्हटलं की भाव पाडायला पुरतं. इंग्रजीत मात्र आधी बघावं लागतं, डाग नुसता सालीवर आहे की मार आत गेलाय.

मार लागलेलं फळ ब्रूज्ड. सफरचंद हातातून पडलं की साल शाबूत दिसते, पण आतल्या पेशी फुटतात, ऑक्सिजन लागून गर तपकिरी पडतो. अंगठ्याने हलकं दाबा, तेवढीच जागा मऊ लागेल. अ‍ॅव्होकाडो तर बाहेरून पत्ताच लागू देत नाही, कापल्यावरच कळतं. वाऱ्याने झाडाखाली पडलेल्या फळांना विंडफॉल म्हणतात, आणि तीही बहुधा ब्रूज्डच निघतात.

ब्लेमिश्ड म्हणजे दिसायला खोट. फांदी घासल्याचा चट्टा, उन्हाचा डाग, हापूसच्या सालीवर फुलकिड्यांनी उठवलेली खरबरीत खपली. गर बहुतेक वेळा धडधाकट असतो. खरबरीत तपकिरी सालीला रसेटिंग म्हणतात, पण ती प्रत्येक वेळी खोट नसते: इंग्लंडचं एग्रेमॉन्ट रसेट सफरचंद जन्मतःच तसं असतं.

परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहिताना सालीवरच्या ठिपक्यांना ब्रूज्ड म्हणाल, तर त्याला वाटेल पेट्या आपटल्या. शंका असेल तर ब्लेमिश्ड लिहावं, तो शब्द जास्त ऐसपैस आहे. हापूसमधला साका मात्र दोन्हींत बसत नाही. साल चकचकीत, आत गर पांढरट आणि आंबूस; त्याला सरळ स्पॉन्जी टिश्यू म्हणायचं.