टिश्यू न रंगवता इमेजिंग: इंदूरमधली ही सेवा कशासाठी घ्यावी, कशासाठी नाही

इंदूरमधली एक प्रयोगशाळा बाहेरच्या लोकांनाही मल्टिफोटॉन मायक्रोस्कोप (लेझरच्या अतिलहान स्पंदांनी टिश्यूचाच प्रकाश टिपणारा) तासाच्या हिशोबाने देते. नाव मुद्दाम लिहीत नाही. कोलॅजेन, म्हणजे टिश्यूला आधार देणारं तंतुमय प्रथिन, बघायचं असेल तर डोळे मिटून जा. एनएडीएचसाठी (पेशींच्या चयापचयातला, स्वतः चमकणारा रेणू) मात्र आधी नीट चौकशी करा.

यंत्र उत्तम आहे. टायटॅनियम-सफायर लेझर, साधारण 100 फेम्टोसेकंदांचे स्पंद, सेकंदाला सुमारे 8 कोटी. खाली 25 पट मोठं दाखवणारं, 1.05 एनएचं (प्रकाश गोळा करण्याची क्षमता) पाण्यात बुडवायचं ऑब्जेक्टिव्ह भिंग. लेझर 800 नॅनोमीटर तरंगलांबीवर ठेवला की कोलॅजेनचा सेकंड हार्मोनिक, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश, बरोबर 400 वर येतो, त्यामुळे अरुंद फिल्टरने तो इलॅस्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या चमकेपासून वेगळा काढता येतो. फायब्रोसिस झालेल्या (जादा कोलॅजेन साठलेल्या) लिव्हरमधले पट्टे कुठलाही रंग न लावता ठळक दिसतात. बेसमेंट मेम्ब्रेनमधलं (पेशींच्या थराखालचा पातळ पडदा) चौथ्या प्रकारचं कोलॅजेन मात्र तंतू बनवत नाही, म्हणून दिसणारही नाही. किडनीचे नमुने नेणाऱ्यांना बुकिंगच्या वेळीच हे सांगायला हवं. इथे कुणी सांगत नाही.

एकाच दिशेचे तंतू फिकट आले तर लगेच ‘कोलॅजेन कमी’ असं लिहू नका. लेझर रेषीय ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात; त्या दिशेशी काटकोनात पडलेल्या तंतूंचा सिग्नल पडतो. स्लाइड 90 अंशांत फिरवून पाहा. फिकट तंतू उजळले तर दोष नमुन्याचा नाही. हा दिशेचा फरक घालवणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट त्यांच्याकडे आहे, पण मागितल्याशिवाय बसवत नाहीत.

पॅराफिन ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या टिश्यूचे) सेक्शन, म्हणजे पातळ काप, कोरेच न्या, 5 ते 10 मायक्रॉनचे, झायलीनने मेण पूर्ण उतरवून. एचअँडई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे नेहमीचे रंग) केलेली स्लाइड नेऊ नका; इओसिन इतकं चमकतं की टिश्यूची स्वतःची चमक त्यात बुडून जाते. कडा सील करायला लावलेली नेलपॉलिशही चमकते, ती फ्रेमबाहेर ठेवा. ऑब्जेक्टिव्हचा करेक्शन कॉलर (फिरवून जुळवायचं कडं) कव्हरस्लिपच्या, म्हणजे नमुन्यावरच्या पातळ काचेच्या, जाडीला, म्हणजे सहसा 0.17 मिलिमीटरला, जुळवलाय का ते समोर उभं राहून बघा. नाही जुळवला तर खोलीत जाताच चित्र पुसट होतं.

कमकुवत बाजू एनएडीएचची. 740 नॅनोमीटरवर एनएडीएच, 900 वर एफएडी (चयापचयातलाच दुसरा चमकणारा रेणू), आणि त्या दोघांच्या चमकेवरून रेडॉक्स रेशो हे चयापचयाचं माप, हे सगळं ताज्या टिश्यूतच अर्थपूर्ण आहे. फॉर्मॅलिनमध्ये पेशींचा चयापचय थांबतो आणि फॉर्मॅलिनमुळे उलट वेगळीच चमक वाढते. मे महिन्यातल्या इंदुरी दुपारी नमुना थंड बफरमध्ये, बर्फावर न्यावा लागतो (बर्फाला थेट चिकटवून नाही), पण इथे तो पुन्हा शरीराच्या तापमानाला आणायला स्टेज 37 अंशांवर ठेवायची सोयच नाही. म्हणून हे आकडे फारतर एकाच बैठकीतल्या नमुन्यांच्या तुलनेपुरते धरा.

पॉवर नमुन्यावर किती पडते ते मिलिवॅटमध्ये लिहून मागा. ‘लेझर 30 टक्के’ ही नोंद निरुपयोगी, कारण पॉवर दुप्पट झाली की सिग्नल चौपट होतो. मेलॅनिन किंवा रक्त असलेल्या जागी तर आधी कमीवरच सुरुवात करायला सांगा. तिथे बुडबुडे येऊन टिश्यू जळतो.

रिपोर्टमध्ये रंगवलेली जेपीईजी चित्रं देतात. ती पोस्टरपुरती ठीक. मोजमाप करायचं असेल तर कच्च्या 16 बिट टिफ फायली त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या.