आयव्हरमेक्टिन १% इंजेक्शन : खरजेला एक नंबर, पण "सगळ्या जंतांवर चालतं" हे खरं नाही

आमची मेंढरं आहेत आणि दावणीला गाई, हे इंजेक्शन बरीच वर्षं वापरतोय. ५ पैकी ४ स्टार.

खरजेवर याला तोड नाही. मेंढरू बाभळीच्या खोडाला अंग घासत बसतं, लोकर पुंजक्या-पुंजक्यानं निघते, खालची कातडी जाड होऊन खपल्या धरते, अशा वेळी हे दिलं की खाज कमी येते. फक्त ७ दिवसांनी दुसरा डोस द्याच, कारण अंडी पहिल्या डोसाला मरत नाहीत आणि त्यातनं परत किडे निघतात. पोटातल्या गोल जंतांवर पण चालतं. पावसाळ्यात रक्त पिणारा जो हिमॉन्कस जंत असतो ना, त्यानं चांगली धडधाकट मेंढी बघता बघता जाते, म्हणून खालची पापणी ओढून बघायची सवय लावा, आतून लालसर पाहिजे, पांढरीफटक दिसली तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा.

डोस ५० किलोला १ एमएल, म्हणजे ३० किलोच्या मेंढीला फक्त ०.६ एमएल! २ एमएलचीच सिरिंज घ्या, मोठ्या सिरिंजवर एवढं बारीक मोजता येत नाही. खांद्यामागची कातडी चिमटीत धरून कातडीखाली द्यायचं, शिरेत अजिबात नाही. गाईचं वजन काढायला टेप घ्या, छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०, किलोत वजन येतं. अंदाजानं कमी दिलं तर औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागं उरतात आणि पुढं त्यांचीच पैदास वाढते.

आता दुकानात सांगत नाहीत ते. चपट्या जंतांवर म्हणजे लिव्हर फ्लूकवर हे चालत नाही, पट्टकृमीवर पण नाही. ओढ्याकाठी, तळ्याकाठी गोगलगाई असतात तिथलं गवत खाऊन जनावराच्या जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर हे टोचून काय उपयोग, तिथं ऑक्सिक्लोझानाईड नाहीतर ट्रायक्लाबेंडाझोल लागतं, कुठलं ते डॉक्टरला विचारा. गोचिडांसाठी पण एकट्या याच्यावर राहू नका. गोचीड गोठ्याच्या भेगांत अंडी घालतात, म्हणून १२.५ टक्क्याचं अमिट्राझ लिटरला २ एमएल टाकून जनावरावर फवारा आणि डॉक्टरला विचारून गोठ्याच्या भेगांचाही बंदोबस्त करा, नाहीतर आज जनावर साफ आणि थोड्या दिवसांत परत तेच, त्यातनं गोचीड तापाची भीती, संकरित गाईला तर जास्तच.

एक स्टार कापला तो दुधासाठी. दुभत्या गाईला हे द्यायचं नाही, औषध दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात. मटणाला विकायच्या जनावराचे किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघून पाळा.

आणि कॅलेंडर बघून अख्ख्या कळपाला टोचत सुटायचं हे मला पटत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ताज्या लेंड्या नेऊन तपासून घ्या, कुठला जंत आहे ते कळतं आणि मग औषध ठरवता येतं. हे औषध शेणातनं बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं, ते शेण जमिनीत मुरवणारे किडे आपल्या रानाला पाहिजेत.

बाटली उन्हात ठेवू नका, उजेडानं औषध खराब होतं.