काना आणि इन्ना शिकवताना: जिवंत वाक्य की जिगसॉ?

अरबीत वाक्याच्या सुरुवातीला 'काना' (होता) किंवा 'इन्ना' (खरोखर) आला की पुढच्या शब्दांचे शेवट बदलतात. हे शिकवायच्या दोन पद्धती म्हणजे जिवंत वाक्य आणि जिगसॉ. अरब देशांतल्या मुलांच्या रोजच्या बोलीतही इअराब, म्हणजे शब्दाअखेरची विभक्तिचिन्हं, जवळपास उरलेली नाहीत. म्हणून माध्यमिक वर्गात नियम तोंडपाठ, पण वाक्य चुकीचं, असं होतं.

जिवंत वाक्यात दोन मुलं 'अल्-वलदु' (मुलगा) आणि 'मरीदुन्' (आजारी) होऊन उभी राहतात. तिसरा 'काना' बनून वाक्याच्या सुरुवातीला शिरला की 'मरीद' आपलं 'उन्' कार्ड टाकून 'अन्' उचलतो. 'काना'च्या जागी 'इन्ना' आला की उलट: 'अल्-वलद' (शेवटी 'उ'ऐवजी 'अ'), 'मरीदुन्'. चिन्हांची कार्डं शब्दापासून वेगळीच हवीत. नुसतं म्हणवून घेतलं तर मुलं शेवट गिळतात आणि चूक झाकली जाते. बाकीचा वर्ग प्रेक्षक होतो, हा या पद्धतीचा मोठा दोष. बसलेल्यांनी पाटीवर चिन्ह लिहून एकदम वर धरायचं.

जिगसॉ ही गटपद्धत 1971 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये सुरू केली. चौघांच्या गटात एकाकडे काना, दुसऱ्याकडे इन्ना, तिसऱ्याकडे द्विवचन-बहुवचन ('मुअल्लिमून', म्हणजे शिक्षक, याचं 'मुअल्लिमीन'), चौथ्याकडे खबर (विधेय) आधी येणारी वाक्यं. प्रत्येक जण तज्ज्ञगटात शिकून परततो आणि इतरांना शिकवतो. मात्र एक तज्ज्ञ चुकला की चौघेही चुकतात. 'इन्ना फिल्-बैति रजुलन्' (खरोखर घरात एक माणूस आहे) यात हमखास 'रजुलुन्' होतं, कारण इन्नाचा इस्म (उद्देश्य) मागे गेलेला दिसत नाही. तज्ज्ञगट उठण्याआधी प्रत्येकाची तीन वाक्यं तपासावीत.

पहिल्या तासाला जिवंत वाक्यच बरं. जिगसॉ उजळणीला ठेवावी, तीही जोडतासाला. 40 मिनिटांत ती उरकत नाही.