नवरा-बायकोचा अमेरिकेतला रिटर्न: एकत्र भरावा की वेगळा?

भारतात नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं, रिटर्न आणि स्लॅबही ज्याचा त्याचा. ही सवय घेऊन आम्ही न्यू जर्सीत आलो आणि पहिल्याच वर्षी चुकलो. बायको एच-फोरवर (माझ्या वर्क व्हिसावर आधारलेला जोडीदाराचा व्हिसा), कमाई शून्य, मग तिचा रिटर्नशी काय संबंध, असं समजून मी ‘विवाहित, वेगळा रिटर्न’ हा पर्याय निवडला. काही हजार डॉलर जास्त गेले. पुढच्या वर्षी ऑफिसातल्या एका मराठी मैत्रिणीनं माझा फॉर्म पाहिला आणि थेट विचारलं, "अरे, हिला का वगळलंस?" तेव्हा कुठे प्रकाश पडला. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा आढावा.

आधी स्लॅबबद्दलची भीती काढून टाकू. पगार वाढून आपण २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेलो, तर सगळ्या पगारावर २२ टक्के लागत नाहीत. मर्यादेच्या वर जेवढे डॉलर गेले, तेवढ्यांवरच लागतात, खालच्यांवर १० आणि १२ टक्केच राहतात. निव्वळ स्लॅब बदलला म्हणून हातात येणारी रक्कम कमी होत नाही.

आता २०२५ या वर्षाचे केंद्रीय कराचे आकडे. स्लॅबच्या मर्यादा स्टँडर्ड डिडक्शन वजा केल्यानंतरच्या उत्पन्नाला लागतात. शेवटच्या ओळीत एकाच माणसाचा १,२०,००० डॉलर पगार धरला आहे.

| | विवाहित, एकत्र | विवाहित, वेगळा | हेड ऑफ हाउसहोल्ड |
|---|---|---|---|
| स्टँडर्ड डिडक्शन | ३१,५०० | १५,७५० | २३,६२५ |
| १० टक्के | २३,८५० पर्यंत | ११,९२५ पर्यंत | १७,००० पर्यंत |
| १२ टक्के | ९६,९५० पर्यंत | ४८,४७५ पर्यंत | ६४,८५० पर्यंत |
| २२ टक्के | २,०६,७०० पर्यंत | १,०३,३५० पर्यंत | १,०३,३५० पर्यंत |
| एकूण कर | १०,१४३ | १७,८६७ | १४,३७८ |

एकटा माणूस आणि ‘विवाहित, वेगळा’ यांचे हे आकडे सारखेच आहेत. फरक थेट ३५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये पडतो, तिथवर आपल्यापैकी फार थोडे पोचतात.

घरात एकच पगार असेल, तर एकत्र रिटर्नमध्ये इथे ७,७२४ डॉलर वाचतात. कारण साधं आहे: न कमावणाऱ्या जोडीदाराचं डिडक्शन आणि त्याचे खालचे स्लॅब वापरायला मिळतात.

दोघंही कमावत असाल तर चित्र पालटतं. दोघांना प्रत्येकी एक लाख पगार असेल, तर एकत्र कर २६,८९८ आणि वेगवेगळा भरला तर प्रत्येकी १३,४४९, म्हणजे बेरीज तीच. पण वेगळा रिटर्न भरताना बाकीच्या सवलती हातून निसटतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जाते, शिक्षणाची क्रेडिट्स (थेट करातून मिळणारी सूट) जातात, पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट बहुतेकांना मिळत नाही. शेअर्समधला तोटा वर्षाला ३,००० ऐवजी १,५०० पर्यंतच पगारातून वजा करता येतो. एकानं खर्च मोजून वजावट घेतली, तर दुसऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येत नाही. आणि कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन अशा नऊ राज्यांत नवरा-बायकोची कमाई कायद्यानं सामाईक, त्यामुळे वेगळ्या रिटर्नमध्येही ती सहसा निम्मी-निम्मीच दाखवावी लागते.

मग वेगळा रिटर्न कोणासाठी? माझ्या मते मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांना जोडीदाराच्या हिशेबांची खात्री नाही. एकत्र रिटर्नवर सही केली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवर येते, पुढे घटस्फोट झाला तरी. धंद्यातली रोकड लपवणाऱ्या माणसाच्या रिटर्नवर निव्वळ भिडेखातर सही करू नका, हे मी कळकळीनं सांगतो.

तिसऱ्या रकान्यामुळे आपल्या लोकांची फसगत होते. ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ म्हणजे रेशनकार्डावरचा कुटुंबप्रमुख नव्हे! नवरा-बायको दोघंही कराच्या दृष्टीनं इथले रहिवासी असून एकत्र राहत असतील, तर हा पर्याय नाहीच. तो प्रामुख्यानं मूल सांभाळणाऱ्या एकट्या पालकासाठी आहे. जोडीदार अनिवासी असेल आणि मूल अर्ध्या वर्षापेक्षा जास्त तुमच्यापाशी राहिलं असेल, तर तो मिळू शकतो. सातारला राहणाऱ्या आईवडिलांना दरमहा पैसे पाठवता म्हणून मात्र मिळत नाही. अवलंबून असलेली व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोपैकी कुठली तरी रहिवासी असावी लागते.

वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबरला जी असेल, ती पूर्ण वर्षाची धरतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर पुण्यात लग्न करून नवरा जानेवारीत एकटाच परतला, तरी ते अख्खं वर्ष तो विवाहितच. बायको अजून भारतात असेल, तर ती अनिवासी. तरीही नवरा इथला रहिवासी असेल, तर दोघांच्या सहीचं निवेदन जोडून तिला रहिवासी मानायची निवड करता येते आणि एकत्र रिटर्न भरता येतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसल्यास तिच्यासाठी आयटीआयएनचा (करासाठीच्या ओळख क्रमांकाचा) अर्ज रिटर्नसोबतच जातो.

इथे घाई करू नका. ही निवड केली की तिचं जगभरचं उत्पन्न अमेरिकेच्या करात येतं: पुण्यातला पगार, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, पीपीएफचं व्याजसुद्धा. भारतात करमुक्त असलेलं एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं व्याजही इथे करपात्र. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण करमुक्त उत्पन्नावर क्रेडिट कुठून मिळणार? भारतीय म्युच्युअल फंडांचे नियम तर इतके जाचक आहेत, की सल्लागाराची फी त्यातच जाते. इथे राहणाऱ्या जोडीदाराच्या परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, की त्याला एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावाच लागतो. बायकोची भारतातली कमाई नगण्य असेल तर निवड करा. तिची तिकडे चांगली नोकरी आणि गुंतवणूक असेल, तर दोन्ही रिटर्न कागदावर मांडून बघितल्याशिवाय नको. ही निवड पुढच्या वर्षांनाही लागू राहते आणि एकदा मागे घेतली, की दोघांपैकी कोणालाही पुन्हा करता येत नाही.

आमच्या बाबतीत प्रश्न सोपा होता. बायको वर्षभर इथेच होती, म्हणजे रहिवासीच, आणि भारतात तिच्या नावावर एक बचत खातं तेवढं होतं. वेगळा भरलेला रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत दुरुस्त करून एकत्र करता येतो, तसा आम्ही केला आणि पैसे परत आले. उलटी वाट मात्र बंद असते: एकत्र भरलेला रिटर्न १५ एप्रिलची मुदत उलटल्यावर वेगळा करता येत नाही.