इआइतोचे 8 महिने : म्यानाच्या तोंडाची तक्रार

तोक्योत इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याची जपानी कला, शिकत असताना 55,000 येन मोजून घेतलेल्या माझ्या इआइतोला, म्हणजे सरावाच्या तलवारीला, आता 8 महिने झाले. मिश्रधातूचे बिनधारेचे पाते, लांबी 2 शाकु 4 सुन, म्हणजे सुमारे 72.7 सेंटिमीटर, तोल, मूठ, मुठीवरच्या दोरीची वीण, यांपैकी कशाहीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती म्यानाच्या तोंडाची, म्हणजे कोइगुचीची.

चौथ्या महिन्यात पात्यावर पिठासारखा बारीक भुसा दिसू लागला. होनोकीच्या मऊ लाकडाचे म्यान आतून खरवडले जात होते, आणि नमस्कारासाठी वाकलो की पाते आपोआप बोटभर बाहेर सरकत होते. विक्रेत्याला तीन पत्रे लिहिली. वापराने झालेली झीज हमीत बसत नाही, दुरुस्तीचा खर्च वेगळा पडेल, एवढेच उत्तर आले. त्या रात्री संतापून मी याच वस्तूविषयी अत्यंत कडवट अभिप्राय लिहिला होता.

तो प्रसिद्ध केला नाही हे बरे झाले. सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, म्यान उजेडाकडे धरले आणि ओरखडे फक्त धारेच्या बाजूला आहेत हे मला दाखवले. कमरेला तलवारीची धार वर असते. उपसताना पाते स्वतःच्या पाठीवरून, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेवरून, घसरत यावे आणि त्याच वेळी डाव्या हाताने म्यान मागे ओढावे, यालाच सायाबिकी म्हणतात. माझा डावा हात जागचा हलतच नव्हता. सगळी ओढ उजव्या हाताची, म्हणून पाते लाकूड तासत होते. धारेच्या तलवारीने हीच चूक झाली असती तर म्यान चिरून पाते डाव्या हातात घुसले असते.

इआइतो घेण्याआधी 3 महिने मी प्लास्टिकच्या म्यानाची लाकडी तलवार वापरली होती. काटकसर म्हणून तो निर्णय आजही मला योग्य वाटतो, परंतु प्लास्टिक असे झिजत नाही आणि माझी खोड मला तिथे कळलीच नाही. ती लाकडाने दाखवली.

पुढचे 2 महिने सेइतेइच्या, म्हणजे इआइदोच्या ठरवून दिलेल्या प्रमाण संचातल्या, 12 प्रकारांपैकी केवळ पहिला, ‘माए’, डाव्या हाताकडे लक्ष ठेवून सावकाश केला. कोइगुचीत लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून सैलपणा मीच घालवला. तेव्हापासून भुसा पडलेला नाही.

विक्रेत्याला चौथे पत्र लिहून आधीची तक्रार मागे घेतली आहे. मात्र माहितीपत्रकात सरावापूर्वी मेकुगी, म्हणजे मुठीतली बांबूची खुंटी, तपासण्याची सूचना आहे; तिच्याखालीच महिन्यातून एकदा कोइगुचीत उजेड पाडून पाहावे, हेही छापा, अशी विनंती केली आहे. उत्तराची वाट पाहत आहे.