कोर्स, प्रोजेक्ट, इंटर्नशिप की पार्ट-टाइम काम? कॉलेजात असतानाच सुरुवात करायची तर कशापासून

करिअरची तयारी शेवटच्या वर्षावर ढकलायची नाही, हे एकदा ठरलं की नेमकं करायचं काय हा घोळ सुरू होतो. ऑनलाइन कोर्स लावायचा, स्वतःचं काही बनवायला घ्यायचं, इंटर्नशिपसाठी अर्ज टाकायचे, की सरळ पार्ट-टाइम काम धरायचं? ‘सगळंच करा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण लेक्चर, असाइनमेंट आणि परीक्षा सांभाळून आठवड्याला सात-आठ तास हाती उरले तरी खूप. तेवढ्यात एकच गोष्ट धड होते, म्हणून निवड करावीच लागते.

निवडताना बहुतेक जण ‘बायोडेटावर काय चांगलं दिसेल’ इथून सुरुवात करतात. मला दोन वेगळे प्रश्न जास्त उपयोगाचे वाटतात. तुमचं काम तुमच्यापेक्षा जाणत्या माणसाने तपासलं का? आणि ते तुम्ही केलं नसतं, तर कुणाचं काही अडलं असतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो पर्याय साधा दिसला तरी भारी आहे. दोन्हींचं ‘नाही’ असेल तर प्रमाणपत्र कितीही देखणं असो, त्याचं वजन बेताचंच.

कोर्स की प्रोजेक्ट?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कोर्सच्या बाजूने बोलायचं तर सोय अफाट आहे. एमआयटीने आपलं शिकवण्याचं साहित्य सगळ्यांसाठी फुकट खुलं करायचं २००१ मध्ये जाहीर केलं. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सची संकेतस्थळं आली आणि नामवंत विद्यापीठांचे वर्ग कुणालाही घरबसल्या मिळू लागले. मात्र नाव नोंदवणं जितकं सोपं झालं, तितकं पूर्ण करणं झालं नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा कोर्सेसचा २०१२ ते २०१८ या काळातला अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये छापून आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कोर्स उघडूनही पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये शंभरातल्या जेमतेम तिघांनी तो पुरा केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्येही निम्म्याहून कमी जण शेवटपर्यंत पोचले.

समजा तुम्ही त्या मोजक्यांपैकी आहात आणि कोर्स पुरा केलात. तरी एक अडचण उरतेच. कोर्समधल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच कुणाला तरी ठाऊक असतं. माहिती स्वच्छ करून दिलेली असते, पायऱ्या आखून दिलेल्या असतात. नोकरीत यातलं काहीच आयतं मिळत नाही. माहिती अर्धवट असते, काम सांगणाऱ्यालाच नक्की काय हवंय ते कळलेलं नसतं, आणि तारीख मात्र ठरलेली असते.

प्रोजेक्टमध्ये हे सगळं वाट्याला येतं. लिनस टोरवाल्ड्स १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी होता. आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, एवढं सांगून त्याने लोकांकडून सूचना मागवल्या आणि पुढे आपलं अर्धंकच्चं काम इंटरनेटवर खुलं केलं. तिचीच पुढे लिनक्स झाली. प्रत्येकाच्या हातून असं काही घडेल असं नाही, घडायची गरजही नाही. घेण्यासारखं आहे ते एवढंच, की त्याने काम पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवलं नाही. लोकांनी चुका काढल्या, सुधारणा पाठवल्या आणि त्यातून तो घडत गेला.

प्रोजेक्ट म्हटलं की संगणकच डोळ्यांपुढे येतो, ते तितकंसं खरं नाही. एखाद्या छोट्या संस्थेचा वर्षभराचा हिशेब नीट मांडून देणं, कॉलेजच्या आवारातल्या झाडांची शास्त्रीय नोंद करणं, वीस वयस्कर कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांची सूची बनवणं, हेही प्रोजेक्टच आहेत.

प्रोजेक्टचा दुबळेपणाही सांगायला हवा. विचारणारं कुणी नसतं. पहिले दोन आठवडे उत्साह, मग परीक्षा येते, आणि फोल्डर तसंच पडून राहतं. यावर उपाय म्हणजे ज्या कामाची कुणीतरी वाट पाहतंय असंच काम घ्यायचं. वर सांगितलेल्या संस्थेच्या हिशेबात ते आपोआप होतं. तसं कुणी नसेल तर जिथे तपासणारे आधीच बसलेले आहेत तिथे जायचं. विकिपीडियावर स्रोत न देता काही लिहून बघा, अनोळखी संपादक खोडायला फार वेळ लावत नाहीत. प्रोग्रॅमिंगवाल्यांसाठी ‘गूगल समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे. त्यात मुक्त स्रोत (ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा) प्रकल्पावर मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करता येतं, मानधनही मिळतं. आधी तो फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून इतर नवशिक्यांनाही घेतात.

मग कोर्स करूच नये का? करावा, पण प्रोजेक्ट कुठे अडला ते कळल्यावर. स्प्रेडशीट, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), संख्याशास्त्राची मुळाक्षरं, एखादी परकी भाषा, किंवा ज्या व्यवसायात विशिष्ट परीक्षा दिल्याशिवाय पाऊलच ठेवता येत नाही ती परीक्षा, या गोष्टी कोर्समधून छान शिकता येतात. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून लावलेला कोर्स बहुधा त्या न उघडलेल्यांच्या यादीत जाऊन बसतो.

इंटर्नशिप की पार्ट-टाइम काम?

वर्गात शिकता न येणाऱ्या गोष्टी कामावरच शिकाव्या लागतात, हे काही आजचं नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सत्तावीस विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. इंजिनिअरिंगची मुलं एक आठवडा वर्गात बसायची आणि पुढचा आठवडा कारखान्यात काम करायची. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं तेच या पद्धतीवर. तुमच्या कॉलेजात अशी सोय असेल तर दुसरा विचार करू नका. अभ्यासक्रमातच बसत असल्यामुळे वेळेची ओढाताण होत नाही.

एरवीची इंटर्नशिप मात्र नशिबाचा भाग असते. चांगली मिळाली तर त्या क्षेत्रातला रोजचा दिवस कसा असतो ते कळतं, आणि पुढे तुमच्याबद्दल दोन शब्द सांगणारा माणूस मिळतो. वाईट मिळाली तर दोन महिने एका कोपऱ्यात बसून फायली सरळ करायच्या, तेही कधीकधी फुकट. हो म्हणण्याआधी विचारून घ्या: माझं काम कोण बघणार? आठवड्यातून किती वेळा? याआधीच्या इंटर्नने काय केलं होतं? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समजून घ्या. मोठ्या नावाच्या कंपनीत पाहुण्यासारखं बसण्यापेक्षा सहा माणसांच्या कचेरीत खरं काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पार्ट-टाइम कामाला लोक उगाच कमी लेखतात. दुकानाच्या काउंटरवर, कॉल सेंटरमध्ये किंवा लहान मुलांच्या शिकवणीत तुम्ही गेला नाहीत तर त्याच दिवशी कुणाचं तरी अडतं. दुसऱ्या प्रश्नाचं इतकं सडेतोड ‘हो’ इंटर्नशिपमध्येही क्वचित मिळतं. चिडलेल्या ग्राहकाशी बोलायला शिकलेला मुलगा मुलाखतीत सहसा गडबडत नाही. आणि ज्यांना फीसाठी कमवावंच लागतं त्यांच्यापुढे ‘हे की ते’ असा पर्यायच नसतो. त्यांनी या कामाबद्दल संकोच बाळगू नये. बायोडेटात ‘सेल्समन, सहा महिने’ एवढंच लिहून सोडू नका. साठ्याची नोंद कशी बदलली, नव्या माणसाला काय शिकवलं, हे लिहा. फक्त तासांवर लक्ष ठेवा. आठवड्याला पंधरा-वीस तासांच्या पुढे गेलं की आधी झोप जाते आणि पाठोपाठ हजेरी.

प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनात मदत करणं हा पर्याय उच्च शिक्षणाकडे जाणाऱ्यांसाठी उत्तमच. तपासणारा जाणता माणूस समोरच असतो आणि शिफारसपत्रात खरं काहीतरी लिहिलं जातं. बाकीच्यांनी त्यासाठी धडपडण्याची गरज नाही.

ओळखींचा हिशेब

तुलनेत सहसा न धरली जाणारी बाब म्हणजे कुठला पर्याय तुम्हाला नव्या माणसांपर्यंत नेतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण सहात एकालाच ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातही अगदी जवळच्यांपेक्षा बेताच्या ओळखी नोकरीसाठी जास्त कामी आलेल्या दिसल्या. कारण उघड आहे: जिवलग मित्राला बहुधा तेच ठाऊक असतं जे तुम्हाला आहे. या कसोटीवर एकट्याने केलेला कोर्स जवळपास शून्यावर येतो. इंटर्नशिप आणि पार्ट-टाइम काम वरचढ ठरतात. लोकांसाठी केलेला प्रोजेक्ट मध्ये कुठेतरी.

मग तुम्ही काय निवडावं?

पहिल्या वर्षाला असाल आणि काय आवडतं हेच ठरत नसेल, तर लांबलचक कशातच अडकू नका. महिन्याभरात संपणारे दोन-तीन छोटे प्रोजेक्ट घ्या, तेही वेगवेगळ्या दिशांचे. ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ हे कळणंही इथे स्वस्तात पडतं. दुसऱ्या वर्षाला दिशा थोडी दिसत असेल तर सुट्टीतली इंटर्नशिप शोधा. अर्जासोबत आधीचा प्रोजेक्ट जोडा, कारण नुसत्या गुणपत्रिकांच्या ढिगात तोच वेगळा दिसतो. पैशांची निकड असेल तर पार्ट-टाइम काम घ्या आणि प्रोजेक्ट त्याच कामातून काढा. दुकानाची साठ्याची वही स्प्रेडशीटवर आणून दिली, तर दोन्ही एकदमच होतं.

शेवटचं वर्ष उजाडलं आणि हातात काहीच नाही, अशी वेळ असेल तर घाईने पाच कोर्स लावू नका. वर्गात केलेल्या प्रोजेक्टपैकी त्यातल्या त्यात बरा निवडा, त्यातल्या चुका दुरुस्त करा आणि काय केलं, का केलं, कुठे फसलं हे एका पानात लिहा. ते पान त्या क्षेत्रात काम करणाऱ्या तिघांना पाठवा आणि नोकरी मागण्याऐवजी ‘यात काय चुकलंय?’ एवढंच विचारा.