ब्युनोस आयर्समध्ये एका रबरबँडने मला १,७६,४०० पेसोंना गंडवलं

आधीच सांगतो, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली ११ कॅशला. नोटाबंदीत रात्री साडेदहापर्यंत बसून नोटा मोजल्यात. त्यामुळे हे लिहायला लाज वाटते आणि इतके दिवस लिहिलं नाही ते त्याचमुळे. पण परवा ओळखीतले एक जोडपं तिकडे चाललंय कळलं, आणि म्हटलं लाज गेली खड्ड्यात, लिहून टाकू.

तर २०२३ चा सप्टेंबर. आम्ही दोघं, मुंबई-दुबई-रिओ करत ब्युनोस आयर्सला उतरलो, अर्जेंटिनाची राजधानी. गणपतीच्या आधी घरी परत यायचं म्हणून दहाच दिवसांचं गणित, त्यातले पाच या शहरात. एसेइसा विमानतळ गावापासून तीसेक किलोमीटर लांब आहे, तिथे बाहेर पडल्या पडल्या 'टॅक्सी, टॅक्सी' करत अंगावर येणाऱ्यांबरोबर जायचं नाही हे मला माहीत होतं आणि गेलो नाही. अंगावर कोणीतरी पिवळी घाण उडवतं आणि दुसरा पुसायला येऊन पाकीट मारतो, तेही माहीत होतं. ला बोका वस्तीत कामिनितो गल्लीची रंगीत घरं बघायची आणि तिथूनच मागे फिरायचं, आतल्या गल्ल्यांत शिरायचं नाही, तेही पाळलं. म्हणजे मी काही बावळट प्रवासी नव्हतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

त्या वेळी तिथलं पैशांचं प्रकरण काय होतं ते थोडक्यात. महागाई वर्षाला १०० टक्क्यांच्या वर. सरकारी भावाने एका डॉलरला ३५० पेसो, आणि रस्त्यावर, ज्याला ते 'ब्लू' म्हणतात, त्या भावाने सातशेच्या वर. दुप्पट! कोण बँकेत जाईल? तिथले लोक स्वतः जात नव्हते. आमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवरचा मुलगा हसत म्हणाला, फ्लोरिदावर जा, सगळे तिथेच जातात. फ्लोरिदा म्हणजे गावाच्या मध्यातला नुसता चालायचा रस्ता, काये फ्लोरिदा, स्पॅनिशमध्ये काये म्हणजे रस्ता. मी ॲपवर चार महिने 'काये' शिकून गेलो, तिकडे सगळे 'काशे' म्हणतात, तिथूनच माझं शहाणपण उघडं पडायला लागलं.

या रस्त्यावर दर दहा पावलांवर माणूस उभा, 'काम्बियो, काम्बियो', म्हणजे पैसे बदला, असं एका सुरात म्हणत. यांना 'आर्बोलितो' म्हणतात, म्हणजे छोटं झाड, हिरव्या नोटा घेऊन एका जागी उभे असतात म्हणून. ते स्वतः पैसे देत नाहीत, तुम्हाला 'कुएवा'त नेतात, कुएवा म्हणजे गुहा. नावातच सगळं आलं होतं हो, पण तेव्हा मला ते गमतीशीर वाटलं, फोटो काढू का असं हिला विचारलं पण.

शुक्रवार, दुपारी सव्वा वाजला होता. तीनला तेआत्रो कोलोनची टूर बुक केलेली, १९०८ चं ऑपेरा हाऊस, हिला ते बघायचंच होतं. एका झाडाशी बोललो, भाव ७२० वर ठरला. जुन्या इमारतीतल्या गॅलरीत, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या शॉपिंग सेंटरसारखं, वरच्या मजल्यावर चामड्याच्या जॅकेटचं दुकान, त्याच्या मागे एक खोली. आत एक पन्नाशीचा माणूस, चष्मा, स्वेटर, हातात त्यांचा तो 'माते'चा पेला, माते म्हणजे तिकडचा एका झाडाच्या पानांचा चहा. आमच्या शाखेत कॅशला बसला असता तर कोणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं इतका साधा. मोजणीचं मशीनही होतं.

६०० डॉलर दिले. म्हणजे ४,३२,००० पेसो. आता बघा, २,००० ची नोट तेव्हा नुकतीच आलेली, तो म्हणाला माझ्याकडे नाहीत, सगळ्या हजाराच्या. म्हणजे ४३२ नोटा, चार गड्ड्या आणि सुट्ट्या ३२. त्याने मशीनवर मोजल्या. मग मी हाताने मोजल्या, चारही गड्ड्या, एकेक नोट, होर्नेरो पक्ष्याची केशरी नोट ती, उजेडात धरून पाच-सहा तपासल्यासुद्धा. सात-आठ मिनिटं लागली. तो शांतपणे माते पीत बसला. चोख होत्या. एक नोट कमी नाही.

मग त्याने माझे डॉलर परत उचलले आणि सहातली एक नोट बाजूला काढून मान हलवली. 'कारा चिका'. म्हणजे लहान चेहरा. १९९६ च्या आधीच्या शंभराच्या नोटेवर फ्रँकलिनचं डोकं लहान आहे, तिला तिकडे भाव कमी देतात, हे खोटं नाही, खरंच तसं आहे. माझी ती नोट कित्येक वर्षं घरात कपाटात पडलेली, तीच नेमकी आली. आता ती बदलून द्यायची म्हणून मी पोटाचा पट्टा उघडायला लागलो, शर्ट वर, चेन अडकलेली, आणि तेवढ्यात तो म्हणाला, तुमचे पेसो बांधून देतो, आणि चारही गड्ड्या अगदी सहज काउंटरच्या खाली घेतल्या. रबर लावायला.

हिने त्याच क्षणी म्हटलं, "अहो, रबर कशाला, माझ्याकडे पिशवी आहे ना."

आणि मी काय म्हणालो? "थांब गं जरा."

हे तीन शब्द मला १,७६,४०० पेसोंना पडले.

बँकेत पहिल्या आठवड्यात आमच्या हेड कॅशियरने शिकवलं होतं, मोजलेली गड्डी हातातून सुटली की ती न मोजलेली गड्डी. मी स्वतः पुढे वीसएक पोरांना हेच शिकवलं. काउंटरखाली ड्रॉवरचा आवाज आला, तो मी ऐकला. रबर लावलेल्या गड्ड्या वर आल्या, त्या हातात घेतल्या आणि बोटांना कळलं. खोटं सांगत नाही, कळलं. कोऱ्या किंवा बऱ्या नोटांची गड्डी घट्ट बसते, जुन्या मळक्या नोटांची फुगते, कॅशला बसलेल्या कोणालाही विचारा. त्या चारातल्या दोन फुगलेल्या होत्या. मगाशी मोजताना चारही सारख्या होत्या. बोटं सांगत होती आणि मी घड्याळ बघत होतो, पावणेदोन होत आले, जेवायचंय, तीनची टूर, आणि वर त्याने हसून 'बिएनवेनिदोस', म्हणजे सुस्वागतम, म्हटलं. परत मोजायला घेतल्या तर त्याला अपमान वाटेल असं मला वाटलं!! चोराला अपमान!

पहिल्या दोन गड्ड्या चांगल्या होत्या, त्यामुळे शुक्रवार-शनिवार काही कळलंच नाही. टूर झाली, रेकोलेताच्या स्मशानात एविता पेरोनची कबर बघितली, जुन्या थिएटरातलं ते पुस्तकाचं दुकान बघितलं, १९१३ ला सुरू झालेली ए लाइनची मेट्रो केली, रात्री नऊपर्यंत हॉटेलं जेवण देत नाहीत म्हणून कुरकुर केली आणि मक्याचे एम्पानादास, म्हणजे आपल्या करंजीसारखे, खाऊन पोट भरलं. शहर सुंदर आहे, ते मी नाकारत नाही. तिकडे सप्टेंबरात वसंत यायला लागतो, हवा अशी की रागावलेला माणूसही चालत सुटेल.

रविवारी सान तेल्मोला गेलो, देफेन्सा रस्त्यावर रविवारचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. हिने एक चांदीच्या काठाचा मातेचा पेला पसंत केला, घासाघीस करून १४,००० ठरले. मी तिसरी गड्डी काढली, रबर सोडला. वरच्या पाच नोटा हजाराच्या. सहावी लालसर, तिच्यावर लांब मानेचा प्राणी. ग्वानाको. २० पेसो. त्याखाली ग्वानाको, त्याखाली ग्वानाको, नव्वद ग्वानाको, आणि तळाला परत पाच हजाराच्या. चौथी गड्डी तशीच. तिकडच्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या असतात हे कोणी सांगत नाही! आपल्याकडे वीसची नोट पाचशेत घातली तर कडेवरून कळते, तिकडे १,००० आणि २० मापाने सारख्याच.

हिशोब तिथेच फुटपाथवर केला. एका गड्डीत १०,००० अधिक १,८००, म्हणजे ११,८००. गेले ८८,२००. दोन्हीत मिळून १,७६,४००. डॉलरमध्ये २४५, तेव्हाच्या ८३ च्या भावाने २०,३३५ रुपये. पेला घेतला नाही. विकणारी बाई मात्र माझ्या हातातल्या नोटा बघून 'आय, सेन्योर' म्हणाली, तिला एका नजरेत कळलं काय झालंय ते.

आता पोलीस. त्या अनुभवापुढे चोर परवडला. जवळच्या चौकीत गेलो, एक तास चाळीस मिनिटं बाकावर बसवलं. इंग्रजी कोणालाच नाही, फोनवरच्या भाषांतरावर सगळं, मी 'गड्डी' बोललो की ते काहीतरी भलतंच दाखवायचं आणि ते एकमेकांकडे बघायचे. पावती आहे का विचारलं. पावती! गुहेत पावती देतात का? दुकानाचा नंबर विचारला, तो मी बघितला नव्हता, चूक माझी, पण जॅकेटचं दुकान, वरचा मजला, एवढं सांगितलं तर चालत दहा मिनिटांवर आहे, चला ना दाखवतो, तर म्हणे आज रविवार, बंद असेल. मग मुख्य गोष्ट: तुम्ही बेकायदा ठिकाणी का गेलात? अहो, तुमच्याच दारातून 'काम्बियो काम्बियो' ऐकू येतंय, त्याला कोणी विचारत नाही आणि मला विचारता? आणि कळस म्हणजे त्यातल्या एकाने कॅल्क्युलेटर काढला, ६०० गुणिले ३५० केलं, २,१०,००० आले, मग मला खरे मिळालेले २,५५,६०० दाखवले आणि खांदे उडवले. म्हणजे बँकेत गेला असतात तर याहून कमीच मिळाले असते, मग तक्रार कसली! हिशोब बरोबर होता. मला तोंडात मारल्यासारखं झालं. हीसुद्धा हसली, ते जास्त लागलं.

शेवटी एक कागद दिला, त्यात माझ्या वडिलांचं नाव माझं आडनाव म्हणून लिहिलं आणि आडनाव गाळलं. दुरुस्त करा म्हटलं तर उद्या या. उद्या आमचं इग्वासू धबधब्याचं विमान. तरी सकाळी साडेआठला त्या गॅलरीत जाऊन आलो, जॅकेटच्या दुकानात एक पोरगी, मागे खोलीच नाही म्हणाली. खोलीचं दार मला दिसत होतं, त्यावर जॅकेटं टांगलेली होती.

विमा होता, दोघांचा ६,८४० रुपये भरून. त्या कंपनीने परत आल्यावर चार महिने खेळवलं. आधी पोलिसांचा कागद मागितला, मग त्याचं प्रमाणित भाषांतर, त्याला १,८०० रुपये गेले, मग नाव जुळत नाही, मग नाव जुळतं याचं प्रतिज्ञापत्र, आणि शेवटी दोन ओळींचं ईमेल की रक्कम आपण स्वखुशीने दिली असल्याने ही चोरी ठरत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? मीही टेबलाच्या त्या बाजूला ३१ वर्षं बसलोय, लोकांना हेलपाटे घालायला लावलेत, पण इतके नाही. आमचा ट्रॅव्हलवाला म्हणाला, काका आम्ही सांगितलं होतं. काही सांगितलं नव्हतं. त्याच्या माहितीपत्रकात टँगोचे तीन फोटो आहेत आणि पैशांबद्दल एक ओळ: 'स्थानिक चलन पेसो'.

मुलाने नंतर सांगितलं की २०२२ च्या अखेरीपासून परदेशी क्रेडिट कार्डालाही तिकडे ब्लूच्या बराच जवळचा भाव मिळत होता. मला हे माहीत असायला हवं होतं का? हो. पण माझं फॉरेक्स कार्ड पहिल्याच दिवशी दोन दुकानांत चाललं नाही, म्हणून मी रोकडीवर आलो, हेही लक्षात घ्या.

आता २०२५ च्या एप्रिलपासून तिथले बहुतेक निर्बंध उठलेत, दोन भावांत पूर्वीसारखी दरी राहिली नाही, त्यामुळे गुहेत शिरायचं कारणच नाही. तरी जायची खुमखुमी असेल तर एका वेळी १०० डॉलरच्या वर नाही. डॉलर मोठ्या डोक्याचे, कोरे, घडी न पडलेले न्या. पट्टा त्यांच्यासमोर उघडू नका, लागणारे पैसे आधीच खिशात. टॅक्सीत मोठी नोट देताना ती किती पेसोंची ते मोठ्याने बोलून द्या, नाहीतर तीच नोट 'खोटी आहे' म्हणून बदलून परत येते. आणि बायको काही बोलली तर "थांब गं" म्हणू नका.

उरले ते १८० ग्वानाको. पोलिसांना पुरावा म्हणून नको होते. एकूण ३,६००. विमानतळाला निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानात दोघांनी दुल्से दे लेचेचं आइस्क्रीम घेतलं, बरोबर ३,६०० चं झालं, मी दोन्ही गठ्ठे काउंटरवर ठेवले. काउंटरवरची पोरगी हसली नाही की काही नाही. एकेक नोट मोजली, माझ्यासमोर, काउंटरवर, दोनदा, आणि रबर लावायच्या आधी तिसऱ्यांदा.